नसलेल्या बहिणीची सोबत

सुज्ञ वाचकहो, पुढे जे कथन येत आहे ते एका दाराचे, त्या दाराआड चालणाऱ्या चौकशीचे आणि त्या चौकशीत आपल्या धाकट्या बहिणीसोबत जाऊन उभ्या राहिलेल्या माझ्या थोरल्या मुलीचे आहे. मी व्यवसायाने सुतार असून माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले आहे. तथापि वाचनाचा नाद लहानपणापासून असल्यामुळे, जे घडले ते यथाक्रम मांडण्याचे धाडस मी करीत आहे. जेथे माझा दोष आहे तेथे तो लिहीनच. माझे दोष वगळून लिहावयाचे ठरविले तर ही कथा अर्ध्या पानात आटोपेल.

आमचे कुटुंब तीन पिढ्यांपासून मंडळाचे सभासद. मंडळ म्हणजे आमचा धर्म, आमची सोयरीक, आमचे गिऱ्हाईक आणि आमचे शेजारी, सर्व काही. दर रविवारी सकाळी सभागृहात प्रार्थना होई. मंडळाचा कारभार तीन ज्येष्ठ पाहत. त्यांत मुख्य होते एका शाळेचे निवृत्त हेडमास्तर, दुसरे औषधांचे दुकानदार आणि तिसरे चष्म्यांचे दुकानदार. आम्ही त्यांना हेडमास्तर, औषधवाले आणि चष्मेवाले असेच म्हणत असू.

एखाद्या सभासदाबद्दल तक्रार आली की त्याला चिठ्ठी जाई आणि रविवारी प्रार्थनेनंतर मागच्या खोलीत त्याची चौकशी होई. तेथे तिन्ही ज्येष्ठ खुर्च्यांवर बसत आणि समोर बिनपाठीच्या स्टुलावर बोलाविलेले माणूस एकटे. आई, बाप, नवरा, बायको कोणीही सोबत चालत नसे. आत बोललेले कागदावर उतरविण्याची मुभा नव्हती. शेवटी एकतर माणूस मोकळे सुटे, नाहीतर त्याच्यावर अबोला जाहीर होई. अबोल्याचा नियम आमची पोरे अक्षरओळखीच्या आधी पाठ करीत: "ज्याच्यावर अबोला आहे तो मनुष्य उपस्थित असूनही अनुपस्थित समजावा. त्याच्याशी बोलू नये, त्याला लिहू नये, खुणेनेही काही सांगू नये." जो बोलेल त्याच्यावरही तोच अबोला.

त्या खोलीचे दार मी बनविले होते. "मिस्त्री, आतला शब्द बाहेर येता कामा नये," असे हेडमास्तरांनी बजावले होते. मी दोन प्लायच्या मध्ये लाकडाचा भुसा ठासून भरला, चौकटीला चारी बाजूंनी रबराची पट्टी बसविली आणि सेवा म्हणून एक छदामही घेतला नाही. पुढे त्या दारावर उभे राहण्याची जबाबदारीही माझ्याकडेच आली. चौकशीला कोण आत जाणार, कोण नाही, हे पाहण्याचे काम माझे.

माझी थोरली इस्पितळात परिचारिका आहे. तिचा नवरा मंडळातलाच होता. तो तिला मारी. एके दिवशी तिचे मनगट मोडले, तेव्हा ती घर सोडून निघाली आणि ज्येष्ठांची चिठ्ठी आली: नवऱ्याचे घर कोणाच्या परवानगीने सोडले? तिची चौकशी चार तास चालली. बापालाही विचारता येणार नाहीत असे प्रश्न तिला त्या तीन पुरुषांनी विचारले, हे मला फार नंतर समजले. त्या चार तासांत मी दाराबाहेर उभा होतो आणि मला एक अक्षर ऐकू आले नाही. दार उत्तम जमले आहे, असा विचार तेव्हा माझ्या मनात येऊन गेला. हे लिहिताना लेखणी अडते, परंतु ते खरे आहे.

पुढच्या रविवारी तिच्यावर अबोला जाहीर झाला. मी तो तीन वर्षे पाळला. मध्यंतरी एकदा बसथांब्यावर ती समोर आली आणि "बाबा" म्हणाली. मी पाटीवरील बसचे क्रमांक वाचीत राहिलो. माझी बस आली, मी चढलो, आणि दोन थांबे गेल्यावर मला कळले की ती माझी बस नव्हतीच.

आता फुटपाथवरच्या मंडळींविषयी सांगितले पाहिजे. मंडळाच्या निम्म्या मुलांना टंकलेखन शिकविणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना सगळे टायपिंगबाई म्हणत. चौकशीत सोबत एक माणूस असू द्यावा, एवढीच मागणी त्यांनी, गावोगावच्या सभागृहांवर अधिकार असलेल्या, मुख्य कार्यालयाला पत्राने केली होती, आणि त्या पत्रावरून त्यांच्यावरच अबोला आला. बाई रडत बसल्या नाहीत. अबोला पडलेल्यांची यादी केली, एकेकाची हकिकत टंकित करून घेतली, सही घेतली आणि दर महिन्याला मुख्य कार्यालयाला पाठवीत राहिल्या. शिवाय दर रविवारी नऊ वाजता सभागृहासमोरच्या फुटपाथवर दहाबारा जण एक पुठ्ठा घेऊन शांतपणे उभे राहू लागले. पुठ्ठ्यावर लिहिलेले असे: "आत एक माणूस सोबत हवा." माझी थोरली त्यांत असे. मी फाटकातून आत शिरताना मान खाली घालून शिरत असे.

हेडमास्तरांच्या डोक्याला ताप झाला. त्यांनी पोलिसाला बोलावले. पोलीस मोटारसायकलवरून आला, हेल्मेट काढले, फुटपाथ पाहिला.

"हे लोक आरडाओरडा करतात का?"

"नाही."

"आत घुसतात? दगड वगैरे?"

"नाही. उभे राहतात."

"मग तुम्ही त्यांना सांगितलंत का, जरा बाजूला व्हा म्हणून?"

हेडमास्तर म्हणाले, "आम्ही त्यांच्याशी बोलत नाही."

"अहो, दहा पावलांवर तर उभे आहेत!"

"बोलत नाही म्हणजे बोलत नाही. आमचा नियम आहे."

"म्हणजे तुमची कट्टी आहे, आणि निरोप द्यायला तुम्ही मला बोलावलंत," तो म्हणाला. "गुरुजी, माझी दोन पोरं घरी हेच करतात. त्यांना मी दोन फटके देतो. तुम्हाला काय देऊ?" आणि हेल्मेट घालून निघून गेला.

तेव्हा हेडमास्तरांनी मला पाटी करावयास सांगितली. त्यांना लिहिणे नियमात बसत नव्हते, म्हणून पाटी कोणालाच उद्देशून नसावी असे ठरले. फाटकाबाहेर खांबावर मी ती ठोकली: "येथे उभे राहू नये." परिणाम असा झाला की आमच्या सभासदांनी ती तंतोतंत पाळली. आज्ञा दिसली की पाळावयाची, ही आमची जन्माची सवय. पुढच्या रविवारी फाटकापाशी एकही सभासद थांबेना. गुडघेदुखीने बेजार एक आजी दम घ्यायला टेकत असत, त्यासुद्धा पाटी पाहून तशाच लंगडत आत गेल्या. फुटपाथवरची मंडळी मात्र सरकून बरोबर पाटीखाली उभी राहिली. टायपिंगबाई आभाळाकडे पाहत मोठ्याने म्हणाल्या, "अक्षर सुरेख काढलंय हो कुणीतरी! पण आपण तर इथे नाहीच आहोत. मग उभं कोण राहिलंय?" फुटपाथवर हशा पिकला. मी ओठ चावून आत गेलो.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, आमच्या घरी चिठ्ठी आली. ती धाकटीच्या नावाची होती.

धाकटी एकोणीस वर्षांची. एका दातांच्या डॉक्टरकडे रुग्णांची नावे नोंदविण्याचे काम करते. इस्पितळाच्या उपाहारगृहात थोरलीबरोबर चहा पिताना तिला कोणीतरी पाहिले होते. चिठ्ठी वाचून मी तिला समोर बोलाविले.

"तू तिच्याशी बोललीस?" मी विचारले.

"चहा काय मुक्यानं प्यायचा, बाबा?"

"केव्हापासून?"

धाकटीने आईकडे पाहिले. माझी पत्नी भांडी पुसत होती. तिने हातातले पातेले खाली ठेवले.

"तिला काय विचारता, मला विचारा," ती म्हणाली. "तुम्ही कामावर गेलात की रोज अकरा वाजता मी थोरलीला फोन करते. तीन वर्षं झाली."

"तीन वर्षं? रोज?"

"रविवार सोडून. रविवारी तुम्ही घरी असता."

"म्हणजे या घरात नियम पाळणारा मी एकटाच होतो तर!"

"तुमच्या वाटचंही मीच बोलत होते. 'बाबा तुझी चौकशी करत होते' म्हणून सांगायची. ती म्हणायची, आई, खोटं बोलू नकोस."

मी उठून अंगणात गेलो आणि उगाच एका फळीवर रंधा मारीत बसलो. फळी कागदासारखी पातळ झाली तेव्हा थांबलो.

शनिवारी दुपारी हेडमास्तर माझ्या कारखान्यात आले. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, दोन कामाची टेबले आणि करवतीचे यंत्र. त्यांनी रुमालाने एका टेबलावरचा भुसा झटकला आणि ते टेकले. ते दुष्ट गृहस्थ नव्हते, हे मला आवर्जून नमूद करावयाचे आहे. माझे वडील वारले तेव्हा तेरा दिवस ते रोज येऊन बसत असत.

"उद्या दारावर तुम्हीच, मिस्त्री."

"साहेब, मुलगी माझी आहे."

"म्हणूनच. दुसरा कोणी उभा केला तर लोक म्हणतील, मिस्त्रीनं कच खाल्ली." मग आवाज उतरवून म्हणाले, "घाबरू नका. तिला एकच वाक्य म्हणायचं आहे. 'मला बहीण नाही.' पाच मिनिटांचं काम."

"आणि नाही म्हणाली तर?"

"मग तुम्हाला मुलगी नाही. एकही नाही." त्यांनी टेबलाच्या कडेवरून हात फिरविला. "तुमच्या आईंचं वय काय आता?"

"ब्याऐंशी. धाकट्या भावाकडे असते."

"या वयात त्यांच्यावर मुलगा गमवायची पाळी येऊ नये. एवढंच सांगायला आलो होतो."

ते गेले, पण माझा जीव टांगणीला लागला. हिशेब अगदी सरळ होता. मी नियमाच्या बाजूला राहिलो तर आई राहील, भाऊ राहील, सभागृह राहील आणि दुसरी मुलगीही जाईल. उलट बाजूला गेलो तर आई जाईल. मधली जागा कोठेच नव्हती.

संध्याकाळी धाकटी माझ्याजवळ येऊन बसली.

"बाबा, एक सांगते. आधीच सांगते, म्हणजे नंतर म्हणू नका फसवलं म्हणून. उद्या ताई माझ्याबरोबर आत येणार आहे."

"आत? त्या खोलीत? येऊच देणार नाहीत."

"कोण नाही येऊ देणार? तिला 'जा' म्हणायचं तर तिच्याशी बोलावं लागेल. नियम पाठ आहे ना तुम्हाला? उपस्थित असूनही अनुपस्थित. मग जी नाहीच, तिला बाहेर कसं काढतील?"

"हे कुणाच्या डोक्यातून निघालं? टायपिंगबाईंच्या?"

"तुमच्या पाटीतून निघालं."

मी म्हणालो, "पोरी, हा पोरखेळ नाही. तोंडानं नाही बोलले तर हात धरून काढतील."

"हात कोण धरणार, बाबा?" ती म्हणाली. "ते तिघं तर खुर्च्यांवरून उठत नाहीत. दारावर एकच माणूस असतो."

एवढे बोलून ती कपड्यांना इस्त्री करावयास निघून गेली.

रविवारी प्रार्थना संपली तरी कोणी घरी जावयास निघेना. बातमी फुटली होती. मी मागच्या खोलीच्या दारापाशी जाऊन उभा राहिलो. तिन्ही ज्येष्ठ आत जाऊन बसले. धाकटी पहिल्या बाकावरून उठली, पण माझ्याकडे न येता सभागृहाच्या मुख्य दाराकडे तोंड करून थांबली. आणि त्या दारातून थोरली आत आली.

तीन वर्षांनी ती त्या फरशीवर पाऊल ठेवीत होती. अंगावर इस्पितळाचा पांढरा पोशाख होता. बहुधा कामावरून परस्पर आली असावी. सुमारे दोनशे माणसे एकाच वेळी छताच्या पंख्यांकडे पाहू लागली. पंखे त्या वेळी बंद होते. मधल्या वाटेने ती चालत आली, तेव्हा तिच्या रबरी तळव्यांचा चर्रचर्र आवाज तेवढा येत होता. दोघी बहिणींनी हात धरले आणि त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

मी थोरलीला अडविले नाही. याला कोणी धैर्य समजू नये. माझ्याने हातच उचलवला नाही. त्या दोघी माझ्या अंगाला घासून आत गेल्या.

आतून हेडमास्तरांचा आवाज आला. "मिस्त्री, तुम्हीही आत या. दार लावून घ्या."

ती खोली बांधल्यापासून प्रथमच, चौकशी चालू असता, मी तिच्यात शिरलो. दार लावताच बाहेरची कुजबुज कापल्यासारखी बंद झाली. धाकटी स्टुलावर बसली होती. थोरली तिच्या मागे, खांद्यावर हात ठेवून उभी.

"तू एकटी यायचं होतंस," हेडमास्तर धाकटीला म्हणाले.

"एकटीच आले आहे."

"मागे कोण आहे?"

"तुम्हीच सांगा ना. कोण आहे?"

औषधवाल्यांना राहवेना. "अहो, तिला सांगा ना बाहेर व्हायला!"

चष्मेवाल्यांनी शांतपणे विचारले, "कुणाला?"

"हिला. या... उभी आहे तिला."

"म्हणजे ती आहे?"

"तसं नाही हो! नाही, पण..." औषधवाल्यांची ततपप झाली. एरवी मला हसू आले असते.

"ही थट्टेची जागा नाही," हेडमास्तर म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "मिस्त्री. हात धरा आणि बाहेर न्या. बोलायची गरज नाही."

मी तीन पावले चाललो. वाचकहो, त्या तीन पावलांत मला काय काय आठवले असे लिहिण्याचा मोह होतो, पण मला काहीच आठवले नाही. आईचा चेहरा तेवढा डोळ्यांसमोर होता, आणि मी तिच्यासाठी चाललो होतो. मी थोरलीचा हात मनगटापाशी धरला. तिने तो सोडवून घेतला नाही. नुसती माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, "बाबा, तोही असाच धरायचा."

माझी बोटे आपोआप सुटली. मनगटावरचे हाड, जेथे मोडून सांधले होते, तेथे जरा वर आले होते. लाकूड चुकीचे सांधले की सांध्यावर जशी उंचट जागा राहते, तशी ती माझ्या बोटांना लागली होती. त्या सांध्यावरून मला तिचे दुखणे प्रथम समजले. तोवर मी ते केवळ ऐकले होते, आणि तेही दुसऱ्यांकडून.

ती रात्रपाळी करून आली असावी. डोळ्यांखाली काळे होते. खोलीत तीन खुर्च्या आणि एक स्टूल, चारही भरलेली.

"थांब," मी म्हणालो. "बसायला आणतो."

वाचकहो, तीन वर्षांनंतर माझ्या मुलीशी मी बोललेले शब्द एवढेच. याहून चांगले मला सुचावयास हवे होते. परंतु ते तिन्ही ज्येष्ठांच्या समक्ष उच्चारले गेले, आणि आता मी कोण झालो हे खोलीतील प्रत्येकास समजले.

"मिस्त्री!" हेडमास्तर उठले. "शुद्धीवर आहात का?"

मी दार उघडून सभागृहात गेलो. दोनशे माणसांच्या देखत एक घडीची खुर्ची उचलली, परत आलो, ती धाकटीच्या शेजारी मांडली. थोरली बसली. दार मी लावले नव्हते.

"दार लावा."

"नाही लावणार, साहेब. जे विचारायचं ते विचारा. बाहेर ऐकू गेलं तर जाऊ द्या."

"तुम्ही काय बोलता आहात, कळतंय का?"

"कळतंय. हे दार मी बनवलंय. त्याच्या बाहेर चार तास उभा राहिलो होतो. पुन्हा नाही राहणार."

बाहेर बाके करकरली, लोक जवळ सरकत होते. हेडमास्तर पुन्हा खाली बसले. त्यांनी कोट सारखा केला आणि वर्गात विचारावे तशा खणखणीत आवाजात धाकटीला विचारले:

"तुला बहीण आहे का?"

थोरलीने तिला काही सांगितले नाही, खूण केली नाही, फक्त तिच्या शेजारी बसून राहिली. तेवढे पुरले.

"आहे," धाकटी म्हणाली. "ही बसली आहे."

औषधवाल्यांनी तोंडावर हात ठेवला. हेडमास्तर निर्णय सांगावयास तोंड उघडणार, तोच चष्मेवाले म्हणाले, "मलाही दिसते आहे."

"तुम्ही बोलू नका."

"हेडमास्तर, मी चष्मे विकतो. लोकांना दिसावं म्हणून धंदा करतो. तीन वर्षं रोज दुकानासमोरून ही पोर कामाला जाते, मला दिसते, आणि मी काउंटरखाली वाकतो. पाठ धरली माझी." मग ते थोरलीकडे वळले. शब्द जुळवताना त्यांना फार श्रम पडत होते. "त्या दिवशी आम्ही तुला जे विचारलं... ते विचारायला नको होतं."

"हो," थोरली म्हणाली. "नको होतं."

तिघा ज्येष्ठांचे एकमत होईना, तेव्हा चौकशी तहकूब झाली. अशी तहकूब झालेली ती पहिलीच.

रस्त्यावर आल्यावर टायपिंगबाईंनी धाकटीला पोटाशी धरले. मी जरा अंतरावर उभा होतो. थोरली माझ्याजवळ आली.

"खुर्ची आणलीत ते बरं केलंत," ती म्हणाली. "पण मी माफ केलं असं समजू नका."

"नाही समजत."

"आई तीन वर्षं तुमच्या वतीनं खोटं बोलली."

"मला गुरुवारी कळलं."

"गुरुवारी!" तिला हसू आले, पण ते रागाचे होते. "रविवारी येत जा माझ्याकडे. तुम्ही बोला. मी बोलेनच असं नाही."

पुढच्या रविवारी आम्हा सर्वांवर अबोला जाहीर झाला: मी, पत्नी, धाकटी आणि चष्मेवाले. भावाने माझा फोन उचलणे सोडले. आई त्याच्या घरी, तेव्हा तिचा आवाजही ऐकू येईनासा झाला. मंडळातील गिऱ्हाइके एकेक करून थांबली. करायला दिलेले एक कपाट तर अर्धवट स्थितीतच परत नेले. मी थोरलीकडे दर रविवारी जाऊ लागलो. पहिले चार रविवार आमच्यात तिच्या स्वयंपाकघरातील फडताळाच्या दारावाचून दुसरा विषय झाला नाही. ते घासत होते. मी ते मुद्दाम एकाच वेळी पुरते दुरुस्त केले नाही.

मात्र त्या दिवशी दोनशे माणसांनी तो प्रश्न आणि ते उत्तर आपल्या कानांनी ऐकले होते, आणि ते आता कोणाला न ऐकलेले करता येईना. दुसऱ्या महिन्यात एका विधवेला चिठ्ठी आली, ती आपल्या अबोला पडलेल्या भावाला घेऊन आत बसली. तिसऱ्या महिन्यात दोघे. टायपिंगबाईंच्या पत्रांमुळे ही युक्ती इतर गावांच्या सभागृहांतही पोहोचली. जेथे तेथे ज्येष्ठ खुर्च्यांवर बसून न दिसणाऱ्या माणसांकडे न पाहण्याची कसरत करू लागले. चौकशा खोळंबल्या. मुख्य कार्यालयाकडे तक्रारी जाऊ लागल्या, आणि या वेळी त्या ज्येष्ठांच्या होत्या.

सात महिन्यांनी मुख्य कार्यालयाचे पत्र आले. हेडमास्तरांनी ते स्वतः, एकही शब्द न गाळता, सभागृहात वाचून दाखविले. आम्ही फुटपाथवर होतो. त्यांचा आवाज खिडक्यांतून स्पष्ट ऐकू येत होता. यापुढे चौकशीस बोलाविलेल्या व्यक्तीने आपल्या पसंतीचे एक माणूस सोबत आणावे. जे बोलले जाईल त्याची नोंद ठेवून प्रत द्यावी. आणि आईबाप, मुले, भावंडे यांच्यामधील अबोला ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकावर सोपवावा. बाकीचा अबोला कायम. घडल्या गोष्टींबद्दल त्या पत्रात अवाक्षर नव्हते.

"एवढंच?" थोरलीने विचारले.

"एवढंच," टायपिंगबाई म्हणाल्या. त्यांनी पुठ्ठ्यावरचा मजकूर पाहिला आणि पिशवीतून जाड पेन काढले. "आता नवीन लिहायला हवं. पुढच्या रविवारी नऊलाच या सगळ्यांनी. आणि रंधेकाका, तुम्ही उशीर करू नका, तुम्हाला सवय आहे." रंध्यावरून फुटपाथवर मला हेच नाव पडले होते.

त्या दिवशी मी घाईघाईने घरी आलो आणि फोनजवळ बसलो. आईमुलांपुरता नियम आता राहिला नव्हता. आईने उचलावा, भावाने उचलावा, कोणी काही म्हणणार नव्हते. घंटा पुष्कळ वेळ वाजत राहिली. थोरली शेजारी बसली होती. ती म्हणाली, "उद्या करा परत."

आज त्या गोष्टीला एकोणीस दिवस झाले. मी रोज संध्याकाळी फोन करतो. अद्याप तो उचलला गेलेला नाही. आजवर मी नियमाला दोष देत होतो आणि त्यात मला एक प्रकारचा आधार होता. आता तो आधारही गेला. परंतु आई ब्याऐंशी वर्षांची आहे, आणि नियम मोडावयास मला स्वतःला तीन वर्षे लागली होती. तेव्हा तिला काही म्हणण्याचा अधिकार मला नाही. उद्या पुन्हा फोन करीन.

एका सुतारासाठी आपण एवढा वेळ काढलात, याबद्दल मी आपणा सर्वांचा ऋणी आहे. लिहिण्यात कोठे खडबडीत राहिले असल्यास ते माझ्या हाताचे, घडलेल्या गोष्टीचे नव्हे.

आपला नम्र,
रंधेकाका